घराखालची जमीन : उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर

‘घर पाहावें बांधून’ अशी म्हण जुन्या पिढीनें करून ठेविली. ती केली तेव्हां भिंती, छप्पर आणि सुतार-गवंडी यांचीच काळजी मोठी होती. घराखालची भूमि कोणाची, हें गांवच्या चार वृद्धांस विचारलें म्हणजे कळत असे. शहरांत राहणाऱ्या आजच्या गृहस्थास मात्र भिंती तयार मिळतात, आणि खरी चिंता भिंतींखालीं दडलेली असते. ही चिंता कशी उत्पन्न झाली हें पाहावयाचें तर कल्याणच्या पुढें, कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील तीन शेजारी नगरांकडे पाहावें. तिघांचा रस्ता एक, हवापाणी एक. परंतु तिघांच्या जमिनीचा इतिहास निरनिराळा आहे.

या भागांतील सर्वांत जुना लेख अंबरनाथच्या शिवमंदिरांत आहे. त्यांतील शक ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हें वर्ष शिलाहार राजा मम्मुणि याच्या काळचें. त्या राजवंशाचे जे ताम्रपट उपलब्ध आहेत, त्यांत दान दिलेल्या भूमीच्या चारी दिशांच्या सीमा काळजीपूर्वक कोरलेल्या आढळतात. आजच्या खरेदीखतांतील ‘चतुःसीमा’ हें कलम त्याच परंपरेंतलें. भूमि कोणी दिली, कोणास दिली व कोणत्या अटीवर दिली, हे तीन प्रश्न त्या काळीं होते व आजही आहेत.

उल्हासनगरचा जन्म युद्ध आणि फाळणी यांतून झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी वसविली होती. सन १९४७ नंतर सिंध प्रांतांतून आलेल्या निर्वासितांस सरकारनें त्याच बराकींत आसरा दिला, आणि ता. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें पायाभरणी होऊन ‘कल्याण कॅम्प’चें उल्हासनगर झालें. बराकी गेल्या, तरी कॅम्प नंबर एक ते पांच हीं नांवें अजून पत्त्यांत राहिलीं आहेत.

एका बराकींत अनेक कुटुंबें, मध्यें पडद्यांचा किंवा फळ्यांचा आडोसा, अशी आरंभींची स्थिति होती. घरदार सीमेपलीकडे सोडून आलेल्या माणसास येथें मालक कोणी करावयाचें? त्याचें उत्तर १९५४ च्या विस्थापित व्यक्ति (नुकसानभरपाई व पुनर्वसन) कायद्यानें दिलें. गमावलेल्या मालमत्तेचा दावा मान्य झाला म्हणजे भरपाईची रक्कम नव्या जागेच्या किमतींत वळती करून घेतां येई, आणि सरकारकडून हस्तांतरणाचा लेख मिळे. हा मूळ लेख ज्याच्यापाशीं आहे त्याची साखळी सरकारपासून सुरू होते. ज्यांनीं नुसत्या करारपत्रावर किंवा मुखत्यारपत्रावर जागा हातोहात घेतली, त्यांची साखळी मध्येंच तुटली. मुखत्यारपत्राच्या आधारें केलेल्या अशा विक्रीनें मालकी मिळत नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं स्पष्ट केलें.

पुढें बराकींच्या जागीं मजले चढले, त्यांतले पुष्कळ परवानगीवांचून. मुंबई उच्च न्यायालयासमोर ८५५ इमारती पाडण्याचा प्रश्न आला. तेव्हां २००६ सालीं राज्य सरकारला केवळ या एका शहराकरितां बांधकामें नियमित करण्याचा कायदा करावा लागला. मे २०२१ मध्यें येथील दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसें प्राणांस मुकलीं. अशी इमारत रिकामी झाली म्हणजे कागदाची खरी किंमत कळते. कारण जमीन आपल्या नांवें नसेल तर पुन्हां बांधण्याचा हक्क कोणापाशीं मागावयाचा?

अंबरनाथची गोष्ट निराळी. कारखान्यांच्या या गांवीं १९६२ सालीं स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळानें भूखंड दिले ते विकत नव्हेत, तर बहुधा ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानें. पट्टेदार हा जमिनीचा मालक नसून मुदतीपुरता भोगवटा करणारा असतो. ती जागा दुसऱ्यास द्यावयाची तर महामंडळाची संमति व शुल्क लागतें. म्हणून असें घर घेतांना मुदतीपैकीं किती वर्षें उरलीं, हें आधीं मोजावें. सरकारनें गृहसंस्थांस अटींवर दिलेल्या जमिनीही येथें आहेत. १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या भाषेंत हा ‘भोगवटादार वर्ग दोन’ होय. कलेक्टरच्या परवानगीवांचून त्यांची विक्री झाली तर तो शर्तभंग ठरतो, आणि त्याचा भार शेवटीं निरपराध खरेदीदारावर पडतो. अशा जमिनी ठराविक रक्कम भरून वर्ग एकमध्यें आणण्याचे नियम सरकारनें २०१९ सालीं केले.

बदलापूर हें मुळांत भातशेतीचें गांव. तेथील इमारतींखालीं बहुधा कुळाची शेती असते. १९४८ च्या कुळकायद्यानुसार ता. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनीं कसणारा कूळ जमिनीचा मालक झाला; पण ती जमीन परवानगीवांचून विकूं नये, असें कलम ४३ नें त्यास बांधून घेतलें. कुळाच्या मुलाबाळांच्या हातीं जमीन राहावी हा त्यांतला हेतु. २०१४ सालीं खरेदीनंतर दहा वर्षें लोटलीं असल्यास, आकाराच्या चाळीस पट रक्कम भरून, कांहीं अटींवर ही परवानगी सैल करण्यांत आली. सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यांत कलम ४३ चा उल्लेख दिसला, तर तेथें थांबून जुने फेरफार वाचणें श्रेयस्कर. सातबारा हा महसुलाचा कागद आहे. त्यांतील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानतात. परंतु नुसत्या नोंदीनें मालकी उत्पन्न होत नाहीं.

तिन्ही नगरांस समान असा एक प्रश्न उरतो. सदनिका घेणारास खोल्या मिळतात, पण जमीन बांधणाराच्या किंवा मूळ मालकाच्याच नांवें राहते. तिचें अभिहस्तांतरण गृहसंस्थेस करून देणें १९६३ च्या कायद्यानें बंधनकारक केलें आहे. बांधणारा तें टाळील तर संस्थेनें स्वतः अर्ज करून ‘मानीव अभिहस्तांतरण’ मिळवावें, ही सोय २००८ सालच्या दुरुस्तीनें झाली. ज्या संस्थेनें हें काम पुढें ढकललें, तिच्या सभासदांचें घर जमिनीवांचून अधांतरींच म्हणावें लागेल.

तात्पर्य, उल्हासनगरांत मूळ हस्तांतरणाचा लेख पाहावा, अंबरनाथेस पट्ट्याची मुदत व अटी पाहाव्या, बदलापुरास कुळाचा फेरफार पाहावा. आणि सर्वत्र दुय्यम निबंधकाच्या कचेरींत तीस वर्षांचा शोध घेऊन, जाणत्या वकिलाकडून कागद वाचवून, मगच बयाणा द्यावा. राजवटी बदलल्या, कायदे बदलले. पण जमीन कोणत्या अटीवर दिली गेली होती, हें ती विसरत नाहीं. घर घेणारा त्या जमिनीचा इतिहासही विकत घेतो. तो आधीं वाचणें हें पुढल्या पिढीच्या डोक्यावरील छप्पर राखणें होय.