जुन्या लॅपटॉपला दुसरी स्क्रीन: लिनक्सवर सेटिंग कसं करायचं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. धायरीतल्या फ्लॅटमधून ऑफिसचं काम करणाऱ्याला लगेच नवा लॅपटॉप परवडेलच असं नाही. जुन्याच लॅपटॉपवर उबुंटू लिनक्स टाकून मॉनिटर जोडला, तर बरंच काम भागतं. फक्त सेटिंग नीट हवं.

स्क्रीन कशा जोडायच्या?

एचडीएमआय केबल लावा. सेटिंग्जमध्ये ‘डिस्प्लेज’ उघडून ‘जॉइन’ निवडा. टेबलावर मॉनिटर ज्या बाजूला आहे, त्याच बाजूला त्याचं चित्र ओढा; नाहीतर माउस भलतीकडेच जातो. मग ‘अप्लाय’ करा. स्क्रीन काळी पडली तरी घाबरू नका. ‘कीप चेंजेस’ दाबलं नाही, तर २० सेकंदांत जुनं सेटिंग परत येतं.

कोणते शॉर्टकट लक्षात ठेवायचे?

‘सुपर’ म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेलं बटण.

- सुपर + पी: एकच स्क्रीन, दोन्ही किंवा दोन्हींवर सारखंच चित्र
- सुपर + शिफ्ट + बाण: विंडो दुसऱ्या स्क्रीनवर
- सुपर + डावा किंवा उजवा बाण: विंडो अर्ध्या स्क्रीनवर
- सुपर + स्पेस: इंग्रजी-मराठी बदल (आधी ‘कीबोर्ड’मध्ये मराठी जोडा)

स्वतःचा शॉर्टकट हवा असेल तर?

‘कीबोर्ड’मध्ये ‘व्ह्यू अँड कस्टमाइझ शॉर्टकट्स’ उघडा. निवडलेली बटणं आधीच दुसऱ्या कामाला असतील, तर तशी सूचना येते. ‘रिप्लेस’ केलं की जुना शॉर्टकट बंद होतो.

आणि हो, मीटिंगमध्ये शेअर करताना अख्खी स्क्रीन नको, एकच विंडो निवडा. नाहीतर दुसऱ्या मॉनिटरवरचे घरचे मेसेज साहेबांनाही दिसतील.