नागासाकीचे दुभाषे : शत्रूची भाषा शिकण्याची गोष्ट

१८०८ च्या ऑक्टोबरात डच निशाण फडकवत एक जहाज नागासाकीच्या बंदरात शिरले. वर्षातून एक-दोनदा येणारे ओळखीचे व्यापारी जहाज समजून देशिमा बेटावरील डच वखारीतले दोन कारकून होडीतून सामोरे गेले. होडी जवळ येताच तलवारी उपसल्या गेल्या आणि दोघांनाही कैद करून वर ओढले गेले. ती ‘फेटन’ नावाची ब्रिटिश युद्धनौका होती आणि तिचा कप्तान फ्लीटवुड पेल्यू जेमतेम अठरा वर्षांचा होता.

युरोपात नेपोलियनची युद्धे सुरू होती. हॉलंड फ्रान्सच्या पंखाखाली गेल्यामुळे डच जहाजे इंग्रजांना शिकार वाटत होती. पेल्यूला बंदरात डच जहाज सापडले नाही; तेव्हा त्याने अन्नपाणी मागितले आणि न दिल्यास बंदरातील जहाजे जाळण्याची धमकी दिली. बंदराच्या रक्षणासाठी जेवढे सैनिक हवे होते, त्यांचा लहानसा अंशच प्रत्यक्ष हजर होता. मागणी पुरवावी लागली आणि जहाज निघून गेले. त्याच रात्री नागासाकीचा सुभेदार मात्सुदाइरा यासुहिदे याने अपयशाची जबाबदारी घेऊन पोट चिरून प्राण दिला.

या प्रसंगाने एदोच्या शोगुन सरकारला एक अस्वस्थ करणारी जाणीव दिली. ज्यांच्याकडून धोका आहे, त्यांची भाषा साऱ्या देशात कोणालाच येत नाही.

वास्तविक इंग्रज जपानला नवखे नव्हते. १६१३ ते १६२३ अशी दहा वर्षे हिरादो येथे त्यांची वखार होती. ती तोट्यात गेल्याने त्यांनीच बंद केली. १६७३ मध्ये ‘रिटर्न’ नावाचे इंग्रज जहाज पुन्हा व्यापाराची परवानगी मागत आले, तेव्हा जपानी अधिकाऱ्यांनी त्याला परत पाठवले. कारण मराठी वाचकाला चकित करणारे आहे. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने पोर्तुगालच्या राजकन्येशी विवाह केला होता आणि कॅथलिक पोर्तुगीजांचे तर जपानला नावही नको होते. हा तोच विवाह, ज्याच्या आंदणात मुंबई इंग्रजांना मिळाली! एकाच सोयरिकीने इंग्रजांना अरबी समुद्रावर एक दार उघडून दिले आणि पूर्वेकडे दुसरे बंद केले.

त्यानंतर जपानशी बोलण्याची परवानगी असलेला एकच युरोपीय उरला, तो म्हणजे डच. १६४१ पासून त्याला नागासाकीजवळच्या पंख्याच्या आकाराच्या देशिमा या कृत्रिम बेटावर कोंडून ठेवले होते. त्याच्याशी व्यवहार करणाऱ्या दुभाष्यांची घराणी होती. पद बापाकडून मुलाकडे जाई आणि मुलगा लहान वयातच डच शब्द घोकू लागे. आपल्याकडेही दुभाष्याचे महत्त्व कमी नव्हते. १६७४ मध्ये हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला, तेव्हा इंग्रजांच्या बाजूने बोलणी नेणारा नारायण शेणवी हा दुभाषाच होता. फरक इतकाच, की पश्चिम किनाऱ्यावर अनेक भाषा एकाच बाजारात नांदत होत्या, तर नागासाकीत परकीय बोल ऐकू येण्याची खिडकीच एक होती.

१८०९ मध्ये निवडक दुभाष्यांना इंग्रजी शिकण्याचा हुकूम झाला. पण शिकवणार कोण? देशिमावर नुकताच आलेला यान कॉक ब्लोमहॉफ या डच अधिकाऱ्याला इंग्रजी येत होते. तोच गुरू झाला. मोतोकी शोझाएमोन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८११ मध्ये एक पाठ्यपुस्तक आणि १८१४ मध्ये सुमारे ६,००० शब्दांचा इंग्रजी-जपानी कोश तयार केला. अवघ्या पाच वर्षांत, पहिल्या धड्यापासून कोशापर्यंत! ही कामगिरी असामान्यच म्हणावी लागेल.

मात्र या इंग्रजीत एक व्यंग होते. ती डच कानांनी ऐकलेली आणि डच जिभेने उच्चारलेली इंग्रजी होती. उच्चार जपानी काताकाना लिपीत बसवताना ते मूळ ध्वनीपासून आणखी दूर गेले. कागदावरचे वाक्य दुभाष्याला कळे. समोरचा इंग्रज बोलू लागला की मात्र पंचाईत होई.

ही उणीव भरून काढणारा शिक्षक चाळीस वर्षांनी आला, तोही कैदी म्हणून. रॅनल्ड मॅकडॉनल्डचा जन्म १८२४ चा, उत्तर अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावरचा. बाप स्कॉटिश, हडसन्स बे कंपनीचा अधिकारी; आई चिनूक जमातीच्या प्रमुखाची मुलगी. बँकेतील कारकुनी सोडून तो दर्यावर्दी झाला आणि १८४८ मध्ये व्हेल पकडणाऱ्या जहाजावरून एकटाच लहान होडीत उतरला. जपानच्या उत्तरेकडील रिशिरी बेटावर पोहोचून त्याने जहाज फुटल्याचा बहाणा केला. परवानगीवाचून आलेल्या परकीयाची गत काय होऊ शकते, हे ठाऊक असूनही तो आला, ही गोष्ट विसरता येत नाही.

त्याला नागासाकीला नेऊन एका मंदिराच्या आवारात गजांआड ठेवले गेले. तेथे चौदा दुभाषे त्याचे विद्यार्थी झाले. पद्धत अगदी साधी होती. एकेकाने इंग्रजी वाचून दाखवायचे आणि मॅकडॉनल्डने उच्चार सुधारायचा. अर्थ अडला तर डच कोश हाताशी असे. ‘ल’ हा ध्वनी त्यांना सर्वाधिक छळत असे, अशी नोंद त्याने केली आहे. जपानी भाषेत ‘र’ आणि ‘ल’ असा भेदच नसल्यामुळे ते स्वाभाविक होते. इंग्रजी ही ज्याची मातृभाषा आहे, अशा माणसाने जपानमध्ये घेतलेले हे पहिले वर्ग मानले जातात. ते जेमतेम अर्धे वर्ष चालले; एप्रिल १८४९ मध्ये ‘प्रेबल’ हे अमेरिकी युद्धजहाज त्याला घेऊन गेले.

त्याच्या शिष्यांत सर्वांत तल्लख होता मोरियामा एइनोसुके. १८५३ मध्ये पेरीचे आरमार उरागाच्या समुद्रात आले, तेव्हा जहाजाजवळ जाऊन आपल्याला डच बोलता येते, हे इंग्रजीतून ओरडून सांगणारा दुभाषा होता होरी तात्सुनोसुके. पुढच्या वर्षीच्या वाटाघाटींत मोरियामा प्रमुख दुभाषा होता. इतकी तयारी होऊनही बोलणी मुख्यतः डचमधूनच झाली, म्हणजे प्रत्येक वाक्याला दोन उंबरे ओलांडावे लागत होते.

त्याची किंमत कानागावाच्या तहात दिसली. अकराव्या कलमाच्या इंग्रजी मसुद्यानुसार दोहोंपैकी कोणत्याही एका सरकारला गरज वाटली, तर अठरा महिन्यांनंतर अमेरिकेला शिमोदा येथे वकील नेमता येणार होता. जपानी मसुद्यात मात्र दोन्ही सरकारांना गरज वाटली पाहिजे, असा अर्थ होता. १८५६ च्या ऑगस्टमध्ये टाउनसेंड हॅरिस वकील म्हणून दाखल झाला आणि जपानी अधिकारी थक्क झाले. ही चूक होती की अडचण टाळण्यासाठी केलेली चतुराई, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. हॅरिस मात्र राहिला आणि १८५८ चा व्यापारी तह त्यानेच घडवून आणला.

त्या तहानुसार १८५९ मध्ये योकोहामा खुले झाले. ओसाकात वर्षानुवर्षे डच घोकलेला फुकुझावा युकिची हा तरुण तेथे फेरफटका मारायला गेला, तर दुकानांवरच्या पाट्या त्याला वाचता येईनात. जगाचा व्यवहार इंग्रजीत चालतो, हे एका दिवसात उमगले. तो मोरियामाकडे शिकायला लांबवर पायपीट करत जाऊ लागला. पण मोरियामाला राजकारणातून उसंतच नव्हती. अखेर इंग्रजी-डच कोश घेऊन फुकुझावा स्वतःच शिकला. अमेरिकेत राहून परतलेला मान्जिरो हा कोळी तेव्हा देशातच होता. पेरीच्या वेळी मात्र दरबाऱ्यांनी संशयापोटी त्याला बोलण्यांपासून दूर ठेवले होते.

होरीने १८६२ मध्ये इंग्रजी-जपानी कोश सिद्ध केला. इंग्रजी शब्द खिळ्यांनी आणि जपानी अर्थ लाकडी ठशांनी छापले होते. आधार पुन्हा एका इंग्रजी-डच कोशाचाच. पहिल्या आवृत्तीच्या प्रती होत्या सुमारे २००. मागणी इतकी, की सुधारून पुन्हा छापावा लागला. १८६९ मध्ये सात्सुमाच्या काही विद्यार्थ्यांनी त्याची नवी आवृत्ती शांघायच्या मिशनरी छापखान्यात छापून घेतली. ती विकून येणाऱ्या पैशातून त्यांना अमेरिकेला शिकायला जायचे होते.