ई-मेलमधील स्पॅमची चाळणी

न मागता एकाच वेळी असंख्य पत्त्यांवर धाडलेल्या ई-पत्रांना 'स्पॅम' म्हणतात. अशा पत्राचा पहिला ज्ञात नमुना ३ मे १९७८ रोजीचा असून अमेरिकेतील एका संगणक कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याने तो सुमारे ४०० जणांना पाठविला होता. आज बारामती व इंदापूर तालुक्यांतील कुटुंबांत द्राक्ष-डाळिंबाच्या निर्यातीचा पत्रव्यवहार, महाविद्यालयाची सूचना आणि परदेशी असलेल्या मुलीचे पत्र, हे सर्व एकाच टपालपेटीत येते. त्यामुळे चाळणी हवीच. परंतु अर्धवट बसविलेली चाळणी कचऱ्याबरोबर दाणेही फेकून देते.

उदाहरणादाखल 'थंडरबर्ड' हा विनामूल्य ई-मेल प्रोग्रॅम घेऊ. त्यातील 'अकाउंट सेटिंग्ज'मध्ये आपल्या खात्याखाली 'जंक सेटिंग्ज' हे पान आहे. तेथे चाळणी सुरू असल्याची खूण करावी. त्याखालीच आपली पत्त्यांची वही निवडावी, म्हणजे वहीतील व्यक्तीचे पत्र जंक ठरत नाही. स्वतःचा पत्ता मात्र वहीत ठेवू नये, कारण लबाड मंडळी पाठविणाऱ्याच्या जागी बहुधा आपलाच पत्ता घालतात! नवीन जंक पत्रे 'जंक' फोल्डरमध्ये जातील असे करावे. ती ठरावीक दिवसांनी आपोआप पुसण्याची सोय प्रारंभी बंद ठेवावी.

ही चाळणी ज्या गणितावर चालते त्याचे मूळ थॉमस बेज या इंग्लंडमधील प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकाच्या निबंधात आहे. तो त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ साली प्रसिद्ध झाला. कोणता शब्द नकोशा पत्रांत किती वेळा आला व हव्याशा पत्रांत किती वेळा, यावरून संगणक नव्या पत्राची संभाव्यता काढतो. म्हणून त्याला दोन्ही बाजू शिकवाव्या लागतात. नकोसे पत्र 'जंक' करण्याचे काम सारेच करतात. चांगल्या पत्रांना 'नॉट जंक' असे सांगण्याचा कंटाळा होतो आणि चूक तेथेच घडते. निर्यातदाराच्या इंग्रजी पत्रात 'पेमेंट', 'इन्व्हॉइस', 'अर्जंट' हे शब्द असणारच, आणि फसव्या पत्रांचेही हेच आवडते शब्द! द्राक्षहंगामात, जानेवारी ते एप्रिल, जंक फोल्डर रोज उघडून पाहावा.

आणखी एक अडचण अनेकांच्या ध्यानात येत नाही. खाते 'पॉप' पद्धतीने जोडले असल्यास संगणकावर केवळ इनबॉक्समधील पत्रे उतरतात. सेवा देणाऱ्या कंपनीने तिच्या चाळणीत आधीच अडविलेले पत्र थंडरबर्डच्या जंकमध्ये शोधून सापडणार नाही. ते संकेतस्थळावर जाऊनच पाहावे लागते, आणि तेही वेळेत. जीमेलमध्ये अशी पत्रे ३० दिवसांनी नाहीशी होतात. 'आयमॅप' पद्धतीत मात्र तो फोल्डरही दिसतो.

ओळखीच्या व्यापाऱ्याच्या नावाने बँक खाते बदलल्याचे पत्र आले तर कोणतीही चाळणी ते ओळखेलच असे नाही. अशा वेळी पत्रातील क्रमांक न वापरता आपल्याजवळील जुन्या क्रमांकावर दूरध्वनी करावा. पैसे गेलेच असतील तर १९३० या राष्ट्रीय सायबर मदतक्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.