राणीमाशीचे बहुनर मीलन

मधमाशीच्या राणीने ऐन तारुण्यात, हवेत उडत असताना अनेक नरांशी केलेले मीलन. त्यामुळे एकाच वसाहतीतील कामकरी माश्या एका आईच्या, पण निरनिराळ्या बापांच्या लेकी असतात. मीलन पोळ्याबाहेर होते, हे स्लोव्हेनियन मधपाळ आंतोन यान्शा याने अठराव्या शतकातच नोंदवले होते. पुढेही बराच काळ राणी एक-दोन नरांवरच थांबते, असा समज होता.

युरोपीय मधमाशीची (मेलिफेरा) राणी राणीघरातून बाहेर पडल्यावर साधारण आठवडाभराने, ऊन असलेल्या शांत दुपारी उडते. आसपासच्या अनेक वसाहतींतले नर १० ते ४० मी. उंचीवर ठरावीक जागी घिरट्या घालत असतात. या जागा वर्षानुवर्षे बदलत नाहीत. राणीच्या जबड्याजवळील ग्रंथींतून सुटणाऱ्या गंधावर नर झेपावतात. मीलन काही सेकंदांचे. नराचे जननेंद्रिय उलटून बाहेर येते, राणीच्या शरीरात अडकून तुटते आणि नर खाली कोसळून मरतो. पुढचा नर तो अडकलेला तुकडा काढून टाकतो. एक-दोन उड्डाणांत साधारण १२ ते २० नर झाले की राणी पुन्हा मीलन करत नाही. मिळालेल्या शुक्राणूंपैकी बहुतेक बाहेर टाकले जातात. उरलेले ५०-६० लाख शुक्राशयात काही वर्षे जिवंत राहतात. आग्यामाशीची राणी या बाबतीत बरीच पुढे आहे. तिच्या वसाहतीत कधीकधी चाळीसहून अधिक बापांची संतती सापडते.

नर अफलित अंड्यातून जन्मतो, म्हणून त्याचे सर्व शुक्राणू जनुकदृष्ट्या सारखे असतात. परिणामी सख्ख्या बहिणींचे नाते ७५ टक्के भरते, सावत्र बहिणींचे २५. नात्याच्याच हिशेबाने पाहिले तर राणीने एकाच नरावर थांबायला हवे होते. तसे होत नाही, याचे सर्वांत ठोस कारण लिंगनिश्चितीच्या जनुकात आहे. या जनुकाच्या दोन भिन्न प्रती मिळालेले अंडे मादी होते. दोन्ही प्रती सारख्याच निघाल्या तर द्विगुणित नर तयार होतो आणि अळी बाहेर येताच कामकरी माश्या तिला खाऊन टाकतात. एकच नर आणि तोही राणीशी जुळणारा असेल, तर फलित अंड्यांपैकी निम्मी वाया जातात. पंधरा नरांत एखादा असा निघाला तर नुकसान किरकोळ ठरते.

दुसरा लाभ कामात दिसतो. पोळे तापले की पंख फडफडवायला कधी सुरुवात करायची, ही मर्यादा प्रत्येक बापाच्या लेकींत थोडी वेगळी असते. त्यामुळे सगळ्या एकदम सुरू होत नाहीत, एकदम थांबतही नाहीत, आणि पोळ्यातील तापमान स्थिर राहते. रोगांचा प्रसारही अशा वसाहतीत मंदावतो. अमेरिकेत मॅटिला व सीली यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही राण्यांना एका, तर काहींना १५ नरांचे वीर्य कृत्रिमरीत्या दिले होते. बहुनर वसाहतींनी अधिक पोळे बांधले, अधिक अन्न साठवले. एकनर वसाहतींपैकी हिवाळ्यात एकही तगली नाही.

मधपाळाला हे सारे पिल्लावळीच्या चौकटीवर वाचता येते. बंद घरांच्या सलग पट्ट्यात जागोजाग रिकामी घरे दिसली, रोगाची लक्षणे मात्र नसली, तर जवळच्या नात्यातील मीलनाचा संशय घ्यावा. सातेरी या भारतीय मधमाशीच्या नरघरांच्या झाकणाला बारीक छिद्र असते. ही घरे ओळखून सरसकट कापून टाकण्याची सवय घातकच, कारण मग राण्यांना पुरेसे नर मिळत नाहीत. एकाच राणीच्या लेकींवर सगळ्या पेट्या चालवण्यापेक्षा दूरच्या वसाहतींतील राण्या अधूनमधून आणलेल्या बऱ्या.