रोख, नावे, उधार : नगर जिल्ह्यातील देवघेवीच्या इतिहासाचा एक पैलू

दैनंदिन खरेदीचे पैसे नोटांनी द्यावेत, डेबिट कार्डाने द्यावेत की क्रेडिट कार्डाने, हा प्रश्न सामान्यतः नव्या यंत्रांनी निर्माण केलेला मानला जातो. मराठी व्यवहारभाषा पाहता हा समज टिकत नाही. हातचे द्रव्य देणे ते रोख. ठेवीतून घेतलेली रक्कम वहीत ‘नावे’ पडते. आणि पुढे द्यावयाचे ते उधार. ही त्रिविध वाटणी जुनीच आहे. इंग्रजीतील ‘क्रेडिट’ या एका शब्दाच्या जागी मराठीने तीन शब्द योजले आहेत : पत, जमा आणि उधार. पतपेढीतील ‘पत’ म्हणजे विश्वास. वहीतील ‘जमा’ म्हणजे आलेली रक्कम. ‘उधार’ मात्र येणे राहिलेली. क्रेडिट कार्ड हे या अर्थाने पतीवर मिळणारे उधारीचे कार्ड होय. त्याच्या नावात जमेचा भास होतो, तो फसवा आहे.

जुन्या गावगाड्यात रोजच्या गरजांपैकी पुष्कळ भाग पैशांवाचून भागे. सुतार-लोहारांना बलुते सुगीला धान्यात मिळे. शेजारघरचे उसने तेवढेच परत जाई, त्यावर व्याज नसे. नाण्यांच्या व्यवहारात मात्र गुंतागुंत होती. अनेक टांकसाळींचे रुपये एकाच वेळी चालत, आणि एकाच्या बदली दुसरा घेताना बट्टा द्यावा लागे. लांबच्या पेठेत पैसे पाठवावयाचे तर हुंडी होती, व तिच्यासाठी हुंडणावळ. द्रव्य हलविण्याची किंमत कोणीतरी देतोच, ही जाणीव या शब्दांत स्पष्ट आहे.

तथापि नगर जिल्ह्याच्या इतिहासात खरा प्रश्न रोख की उधार एवढाच नव्हता. उधारीची वही कोणाच्या हाती, हा होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात कापसाचे भाव चढले, सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली, आणि भाव कोसळताच तीच कर्जे जड झाली. त्यात जमीनमहसुलाच्या फेरआकारणीची भर पडली. 1859च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खतावरील दाव्याची मुदत तीन वर्षे ठरविली होती. ऋणकोच्या संरक्षणासाठी केलेल्या या तरतुदीचा परिणाम उलटा झाला. दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिसळून नवे खत लिहून घेण्याची रीत रूढ झाली. निरक्षर कुणबी त्याखाली निशाणी करी. आत काय लिहिले आहे हे त्याला सावकाराच्या तोंडूनच कळे.

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला व लवकरच नगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, नगर आणि कर्जत या तालुक्यांत पसरला. लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. खते व हुकूमनामे मागून घेऊन ती जाळण्यात आली. पुढे 1879मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. खत निबंधकापुढे लिहावे, पैसे भरल्याची लेखी पावती मिळावी, हिशेबाचे पासबुक मागण्याचा हक्क ऋणकोस असावा, आणि न्यायालयाने केवळ शेवटचे खत न पाहता व्यवहाराचे मूळ तपासावे, असे त्यात होते. कायदा चुकविण्याच्या वाटाही निघाल्या. गहाणखताऐवजी खरेदीखत करून घेणे ही त्यांतील प्रमुख.

वही ऋणकोंच्याच संस्थेकडे आणण्याचा प्रयत्न सहकाराने केला. 1904च्या कायद्यानंतर पतसंस्था निघू लागल्या. लोणीस विठ्ठलराव विखे पाटलांनी 1923मध्ये अशी संस्था काढली, आणि तेथूनच 1950मध्ये प्रवरेच्या साखर कारखान्यापर्यंत मजल गेली. तरीही रिझर्व्ह बँकेच्या 1951-52च्या ग्रामीण पतपाहणीत देशभरच्या शेतकरी कर्जात सहकाराचा वाटा अवघा 3.1 टक्के आढळला.

नगर तालुक्यातील हिवरे बाजारने हिशेबाची हीच भाषा पाण्याला लावली, हे भाषेच्या अभ्यासकाला विशेष लक्षणीय वाटेल. पोपटराव पवार 1989मध्ये सरपंच झाल्यानंतर रोजगार हमी व आदर्श गाव योजनांतून तेथे पाणलोटाची कामे झाली. या अवर्षणप्रवण गावात पडलेला पाऊस मोजून ‘पाण्याचा ताळेबंद’ मांडला जातो : प्रथम माणसे व जनावरे, मग उरलेल्या पाण्यावर पिके. सिंचनासाठी कूपनलिकेला बंदी आहे. खोलवरचे पाणी उपसणे ही पुढील पिढीच्या नावावरची उधारी, हा अर्थ येथे ओढूनताणून आणावा लागत नाही. शिवाय हा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो. 1875च्या कुणब्याला स्वतःच्या खताविषयी एवढेही माहीत नसे.

8 नोव्हेंबर 2016 रोजी पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा रोखीची मर्यादा उघडी पडली. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना 14 नोव्हेंबरपासून जुन्या नोटा स्वीकारण्यास मनाई झाल्याने, ज्या ग्रामीण भागाचे खाते तेथेच होते, त्याची दुहेरी अडचण झाली. त्याच वर्षी सुरू झालेल्या यूपीआयने मोबाइलवरून थेट खात्यातून पैसे देण्याची सोय केली. तत्त्वतः ते डेबिट कार्डाचेच भावंड. दोहोंत खर्च ठेवीच्या मर्यादेत राहतो. क्रेडिट कार्डाचे पूर्ण देणे मुदतीत फेडले तर व्याज नाही, म्हणजे ते उसनेच. केवळ ‘किमान देय रक्कम’ भरीत गेल्यास उरलेल्या रकमेवर व्याज चढत जाते, आणि त्रैवार्षिक खताची आठवण व्हावी अशी स्थिती येते. फरक हा की आजचे हिशेबपत्रक ऋणकोच्या हाती दरमहा पडते. ते वाचले जाते की नाही, हे निराळे.

हुंडणावळीचा प्रश्नही मिटलेला नाही. रुपे डेबिट कार्ड व यूपीआय यांवरील दुकानदाराचा आकार 1 जानेवारी 2020पासून शून्य झाला. क्रेडिट कार्डावर तो द्यावा लागतो. म्हणून छोटा दुकानदार नोट किंवा यूपीआय पसंत करतो, आणि ओळखीच्या गिऱ्हाइकाची उधारी मात्र अजूनही आपल्या वहीतच लिहितो.