आठ वर्षांत नऊ महिने

मागच्या लाँग वीकेंडला पावसला जाऊन आलो. पावस म्हटलं की समोरचा लगेच "स्वामी स्वरूपानंदांचं ना?" असं विचारतो, आणि बरोबरच आहे त्याचं. समाधी मंदिराबाहेर एमएच बारा आणि एमएच झिरो वनच्या गाड्यांची रांग बघितली की आपलं काहीही कर्तृत्व नसताना उगाच छाती फुगते. आमचं घर मात्र मंदिरापासून लांब, कलमांच्या बागेला लागून. तिथं आजी राहते. वय नव्वदीच्या घरात, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत.

जाण्याचं खरं कारण वेगळं होतं. बायकोला बंगलोरहून ऑफर आलीय. पैसे चांगले, काम तिच्या आवडीचं, आणि वर्क फ्रॉम होमचे लाड आता संपलेत. माझं ऑफिस हिंजवडीत, माझंही तेच. "दोन वर्षांचाच तर प्रश्न आहे" आणि "मागे चार वर्षं काढली ती पुरली नाहीत का?" अशी आमच्या डायनिंग टेबलावर तीन आठवडे टेनिस मॅच चालू होती. (सर्व्हिस आलटून पालटून.) 2016 ला लग्न झालं तेव्हा ती ऐरोलीला आणि मी हिंजवडीला होतो. शुक्रवारी संध्याकाळी वाकडच्या पुलाखाली बस पकडायची, सोमवारी पहाटे परत. मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला आणि आम्ही एका वनबीएचकेमध्ये कोंडले गेलो, तेव्हा कळलं की ही बाई सकाळी दहापर्यंत कुणाशी बोलत नाही. लग्नाला चार वर्षं झाली होती!

असो. तर पावसला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी आजीनं माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उन्हात घालायला काढायला लावली. आत एक घोंगडी, आजोबांचा गिरणीचा बिल्ला, आणि सुतळीनं बांधलेला कागदाच्या चिठोऱ्यांचा गठ्ठा. मनिऑर्डरची कुपनं. ज्यांनी मनिऑर्डर पाहिलीच नाही त्यांच्यासाठी सांगतो: फॉर्मच्या खालच्या बाजूला निरोप लिहायला एक छोटीशी जागा असायची, तेवढा तुकडा फाडून पोस्टमन पैशांबरोबर घरी द्यायचा. आजोबांची सगळी कुपनं सारखीच. रु. 25 पाठवले आहेत, पोचल्याचे कळवणे, गाय व्याली का, आईची तब्येत कशी. आजीचं नाव एकाही कुपनावर नाही. ती वाचायची कोण, तर पोस्टमन. आणि तोही अंगणात उभा राहून, सासू-सासऱ्यांसमोर.

"मग तुम्ही काय कळवायचात आजी?" बायकोनं विचारलं.

"मी काय कळवणार गो? अंगठा."

पैसे मिळाल्याची पोचपावती पाठवणाऱ्याकडे परत जायची, सही किंवा अंगठा घेऊन. म्हणजे 1953 ते 1961 अशी आठ वर्षं, महिन्यातून एकदा, आजीचा अंगठा पावसहून लालबागला जात होता. त्या नवरा-बायकोचा पत्रव्यवहार म्हणायचा तर एवढाच.

आजोबा वर्षातून एकदा यायचे, शिमग्याला नाहीतर मे महिन्यात, महिना-सव्वा महिना. पावसाळ्यात बोट बंद, त्यामुळे गणपतीला येणं जमेलच असं नाही. मुंबईहून बोटीनं रत्नागिरी, बंदरात बोट लांब उभी राहायची, तिथून पडावातून किनारा, मग भाट्याची खाडी तरीतून ओलांडायची आणि पुढे मिळेल ते वाहन नाहीतर पायी. बायकोनं मोबाईलवर हिशेब केला. आठ वर्षांत एकूण नऊ महिने, तोही ढोबळ आणि आजोबांच्या बाजूनं ताणून. मग तिनं आमचा हिशेब केला. वीकेंड, सुट्ट्या, सणवार धरून चार वर्षांत सोळा महिने. ती काही बोलली नाही, पण माझ्याकडे बघितलं ते मला अजिबात आवडलं नाही. :)

पुण्यात परत आल्यावर जरा वाचायला बसलो, कारण मला वाटत होतं की आमच्याच आजीचं नशीब असं. तसं काही नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या असंख्य तरुण जोडप्यांचा संसार पिढ्यान्‌पिढ्या असाच चालला होता.

1921 च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या पावणेबारा लाख होती आणि त्यातले सव्वादोन लाखांहून जास्त लोक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले. (तेव्हाचा रत्नागिरी म्हणजे आजचा सिंधुदुर्गही त्यात, तो 1981 मध्ये वेगळा झाला.) रस्त्यावरचा दर पाचवा माणूस आपल्याकडचा! पण त्याच मुंबईत हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या सव्वापाचशेच्या आसपास. बाकीच्या गेल्या कुठं? त्या पावस, राजापूर, संगमेश्वरात भात लावत होत्या. ही खूण अजून पुसलेली नाही. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया आहेत, महाराष्ट्रात सगळ्यात जास्त. आपल्याकडे मुलींचं प्रमाण चांगलं म्हणून कौतुक करावंसं वाटतं, पण त्यामागे मुख्यतः पुरुष गावात नसणं आहे.

आता बायकोला मुंबईत आणायला अडचण काय होती? पहिली म्हणजे जागा. एकटा चाकरमानी राहायचा गावकीच्या खोलीत. गावातल्या लोकांनी वर्गणी काढून घेतलेली एक खोली, दहा बाय बाराची, भिंतीला लागून ट्रंकांची उतरंड, वर दोरीवर कपडे, आणि वीस-पंचवीस सभासद. गिरणी पाळ्यांमध्ये चालायची म्हणून हे जमायचं. पहिल्या पाळीचा उठून गेला की त्याच्या जागेवर रातपाळीचा येऊन आडवा. आपल्या भाषेत सांगायचं तर टाइम-शेअरिंग. उरलेले गॅलरीत, जिन्यात, फुटपाथवर. 1921-22 मध्ये सरकारच्या लेबर ऑफिसनं मुंबईतल्या कामगार कुटुंबांची पाहणी केली, तेव्हा शंभरातली सत्त्याण्णव कुटुंबं एका खोलीत राहत असल्याचं आढळलं. आणि हे कुटुंब आणू शकलेल्यांचं!

सरकारनं काही केलं नाही असंही नाही. 1920 मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झालं आणि त्यांनी वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथं 207 इमारती उभ्या केल्या, त्याच बीडीडी चाळी. एका इमारतीत 80 खोल्या, एक खोली 160 चौरस फुटांची, संडास सामाईक. आमच्या पुण्याच्या फ्लॅटची बेडरूम मी टेप घेऊन मोजली. 132 भरली. त्या 160 फुटांत सासू-सासरे, दीर, नणंद, गावाकडून आलेला पाहुणा आणि नवं लग्न झालेलं जोडपं. मग नव्या जोडप्यासाठी पोटमाळा. पोटमाळ्यावर ताठ बसता येत नाही, शिडीचा आवाज होतो, आणि खाली सगळे जागे आहेत हे वरच्यांना माहीत असतं. राजा ठाकूरांचा 'मुंबईचा जावई' (1970) याच अडचणीवर आहे, आणि त्यावरूनच बासू चटर्जींनी 1972 मध्ये 'पिया का घर' केला. आपण हसतो त्या सिनेमांना. पण ज्यांनी ते भोगलं ते थिएटरात काय करत असतील असा प्रश्न मला पडतो.

दुसरी अडचण जास्त खोलात आहे. गिरणीचा पगार मुळात एका माणसाच्या पोटाचा होता. भात गावाला पिकायचं, बाळंतपण गावाला, आजारपण गावाला, म्हातारपण गावाला. या सगळ्याचा खर्च गिरणी मालकाच्या खतावणीत कुठंच दिसत नाही, कारण तो आमच्या आजीच्या नावावर पडलेला होता. बरं, कोकणातली शेती तरी केवढी? कातळ, उतार, पावसाचं एकच पीक, आणि त्यातला वाटा खोताला. खोती कायद्यानं गेली ती 1949 मध्ये. बाबासाहेब आंबेडकरांनी तिच्या विरोधातलं बिल 1937 मध्येच विधिमंडळात आणलं होतं. म्हणजे नुसत्या शेतीवर भागत नाही म्हणून नवरा मुंबईला, आणि नुसत्या पगारावर भागत नाही म्हणून बायको शेतावर. दोघांनी मिळून एक संसार चालवायचा, फक्त एकत्र राहायचं नाही.

याची एक बाजू मला वाचेपर्यंत कधी सुचली नव्हती. 1928 मध्ये मुंबईतल्या गिरण्यांचा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. दीड लाखाच्या आसपास माणसं, सहा महिने बिनपगारी. टिकली कशी? बरीचशी सरळ गावाला गेली. गावाला भात होतं, आणि ते लावणारी, कापणारी, झोडणारी बाई होती. संप म्हटलं की आपल्याला लाल बावटा आणि कामगार मैदानावरच्या सभा आठवतात. पण त्या संपाचा बराचसा फंड कोकणातल्या कणगीत होता, आणि त्याच्या खजिनदारांना कुणी भाषणाला बोलावलं नाही.

पांढरपेशांचं जरा वेगळं. धोंडो केशव कर्वे मुरुडहून मुंबईला आले आणि 1880 च्या दशकातच राधाबाईंना आणून त्यांनी बिऱ्हाड केलं. गिरगावातले कारकून, मास्तर हळूहळू तसंच करू लागले. 'बिऱ्हाड' शब्द बघा. बायको आली, चूल पेटली की खोलीचं बिऱ्हाड होतं. 'घर' मात्र गावाला. आमचे आजोबा तर बाकी आयुष्य मुंबईत काढूनही "घरी जातो" हे पावसबद्दलच म्हणायचे.

आजीचं बिऱ्हाड 1961 मध्ये झालं. आजोबांना कुणाच्या तरी ओळखीनं परळला दहा बाय बाराची खोली मिळाली आणि ते बोटीनं तिला घेऊन गेले. आता सुखाचा संसार असं वाटेल ना? आठवड्याभरात आजोबांनी अकरा जेवणारे आणले. सगळे आपल्याकडचे, सगळे एकटे. आजी पहाटे साडेतीनला उठून पहिल्या पाळीची भाकरी करायची आणि रात्री साडेबारानंतर दुसऱ्या पाळीचं ताट वाढायची. गिरणगावात अशा खानावळवाल्या गल्लोगल्ली होत्या. गिरण्यांमध्येही सुरुवातीला पाच कामगारांत साधारण एक बाई असायची, वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत. ते प्रमाण पुढे घटत गेलं, आणि मुंबईत आलेल्या बाईला खोलीतच करता येण्यासारखं काम म्हणजे हेच. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायकांना बँकेची कर्जं मिळवून दिली, तोवर त्यांना कामगार कुणी म्हणतच नव्हतं. आजीला अजून ते पटत नाही. "मी कुठं नोकरी केली? मी घरीच होते," म्हणते. अकरा माणसांची दोन वेळची ताटं, एकवीस वर्षं.

एकवीस, कारण 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार, दत्ता सामंतांचं नेतृत्व, पुढचं सगळ्यांना माहीत आहे. जेवणारे एकेक करून गावाला गेले, काहींची उधारी राहिली ती राहिलीच. वर्षअखेरीला आजोबांनी ट्रंक उचलली आणि दोघं पावसला आले. बाबा तेव्हा वीस वर्षांचे, ते मुंबईतच राहिले.

हे सगळं सांगून झाल्यावर आजी सुपारी कातरत म्हणाली, "तेव्हा आम्ही दोघंच राहायला लागलो. आधी काय, माणसं असायची."

लग्न 1953 चं. एकोणतीस वर्षं. तेव्हा ती सेहेचाळीस वर्षांची होती.

मी विचारलं, मग कसं वाटलं? (असले प्रश्न आपल्यालाच सुचतात.) ती जरा हसली. म्हणाली, "पहिले चार दिस काय बोलावं तेच कळेना. मग ह्यांनी कलमं लावायला घेतली, मी पाणी घालायला जायची." त्यातली सात झाडं अजून आहेत. यंदाही धरली होती.

निघायच्या दिवशी बायकोनं शेवटी तिला बंगलोरचं सांगितलं. मला वाटलं, आजी माझ्या बाजूनं बोलेल. निदान सुस्कारा तरी टाकेल. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं, पगार किती ते विचारलं, ऐकून मान डोलावली. मग विचारलं, "खोली किती माणसांत?"

"एकटीच असेन आजी."

"एकटीच?" आजीनं सुपारीचा अडकित्ता बाजूला ठेवला. "आख्खी खोली?"

परतीच्या वाटेवर आंबा घाट संपेपर्यंत आम्ही त्या विषयावर काही बोललो नाही. ऑफरला उत्तर द्यायची मुदत येत्या शुक्रवारी आहे.