अडीचकी कशासाठी होती?

पाचवीत बाई आपल्याकडून अडीचकी म्हणून घ्यायच्या, आठवतंय? पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी झाली की अडीचकी. अभ्यासक्रमात यातलं काही नव्हतं. "बाई, अडीचनेच का गुणायचं? सव्वादोनने का नाही?" असं मी एकदा विचारलं होतं. "आधी पाठ कर, उपयोग मागाहून कळेल," असं उत्तर मिळालं. मागच्या बाकावरचे हसले होते, तेही लक्षात आहे.

उपयोग मला घरीच कळला. माझे आजोबा कोल्हापुरात गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. त्यांनी पाटीवर दोन आकडे मांडले : मणाचे शेर ४०, रुपयाचे आणे १६. चाळीसला सोळाने भागलं की अडीच. म्हणजे शेराचा भाव जितके आणे, त्याची अडीचकी तितके रुपये मणाला. सहा आणे शेर तर पंधरा रुपये मण. चौदा आणे शेर तर पस्तीस रुपये. ना कागद, ना पेन्सिल. ज्याला अडीचकी शंभरापर्यंत पाठ, त्याला अडतीवर मान. (साडेतीनचीही होती, औटकी. तिच्यापासून बाईंनी आपल्याला वाचवलं.)

मग १ एप्रिल १९५७ उजाडला. रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पण पाव पैशाचं नाणं नाही, म्हणून सरकारी कोष्टकात एक आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९, चार आण्यांचे २५. अर्धा पैसा आला की तो सोडून द्यायचा. टपाल खात्याने मात्र दोन आण्यांच्या पाकिटाला १३ नव्या पैशांचं तिकीट काढलं. साडेबाराचे कुठे बारा, कुठे तेरा, तेव्हा कुरबुर होणारच.

वजनं मात्र लगेच बदलली नाहीत. मेट्रिक वजनं ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. मधल्या काळात पैसा नवा आणि शेर जुना. आजोबांच्या हाताखालच्या एका नव्या पोराने सहा आणे शेराचे कोष्टकाप्रमाणे ३७ पैसे धरले आणि चाळीसने गुणले : १४ रुपये ८० पैसे. मण पंधराचा. शेतकऱ्याचे वीस पैसे गेले, आणि तेही कोणी न चोरता! आजोबांनी पट्टी परत लिहायला लावली. हिशेब आण्यांत पुरा करायचा, नवे पैसे शेवटी एकदाच, हा त्यांचा दंडक.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी बिलांचा प्रोग्राम लिहिला. दर आधी दोन दशांश स्थळांपर्यंत आणला आणि मग नगांनी गुणला. महिनाअखेरीला बेरजा जुळेनात. दोन रात्री शोधलं, तेव्हा तो १४ रुपये ८० पैशांचा मण सापडला. आजोबा तेव्हा हयात नव्हते.

किलो आणि क्विंटल आले आणि अडीचकी संपली. शंभर किलोंचा क्विंटल, शंभर पैशांचा रुपया. किलोला साठ पैसे तर क्विंटलला साठ रुपये. गुणायचं काही उरलंच नाही. शेर ९३३ ग्रॅमचा, मण ३७ किलोंच्या थोडा वर, एवढं रूपांतर तेवढं काही वर्षं चाललं. जून १९६४ मध्ये पैशामागचा 'नवा'ही गेला. आजोबा तेव्हा पन्नाशीला आले होते. मेट्रिक सोपं आहे, असं ते स्वतःच म्हणायचे. पण ज्या पोराला ते पट्टी परत लिहायला लावत, तो आता त्यांच्याइतकाच झटकन भाव सांगायचा. त्यानंतर ते अडतीवर कमी बोलत, असं आजी सांगायची.

हा लेख लिहिण्याआधी मी आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर विचारलं, "चौदाची अडीचकी किती?" पहिलं उत्तर बाईंचंच आलं.